मेरोव्हिंजियन राजे लक्षात कसे ठेवायचे, सगळ्यांची नावं सारखीच असताना

खरं तर हे मी स्वतःसाठीच लिहून ठेवलं होतं. मेरोव्हिंजियन घराण्यावर पहिल्यांदा वाचायला बसलो तेव्हा तिसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं, कारण क्लोथारचा मुलगा चिल्पेरिक, चिल्पेरिकचा मुलगा परत क्लोथार, मधेच एक चिल्डेबर्ट, त्याच्या पुतण्याच्या मुलाचं नावही चिल्डेबर्टच, आणि सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. कोण कोणाला मारतंय तेच कळेना. पुढे हळूहळू एक पद्धत बसली, तीच इथे देतोय.

ज्यांची पाटी एकदमच कोरी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्रँक हे ऱ्हाइन नदीच्या आसपासचे जर्मेनिक टोळीवाले, पश्चिम रोमन साम्राज्य मोडकळीला आलं तेव्हा ते गॉलमध्ये म्हणजे आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडे पसरले, आणि त्यांच्यातलं हे घराणं पाचव्या शतकाच्या मध्यापासून ७५१ पर्यंत गादीवर होतं. मेरोव्हेक नावाच्या पूर्वजावरून घराण्याचं नाव पडलं. त्याच्या आईला समुद्रातला कुठलासा राक्षसी प्राणी भेटला होता वगैरे गोष्ट आहे, ती सोडून द्या, वंशावळीत तिचा काही उपयोग नाही.

सगळ्यात आधी नावं फोडायला शिका. ही नावं दोन तुकडे जोडून केलेली असतात. पुढचा तुकडा 'क्लो' किंवा 'क्लोडो' असेल तर नाव गाजलेला, 'चिल्ड' म्हणजे लढाई, 'थ्यूड' म्हणजे लोक, 'सिगी' म्हणजे विजय. मागचा तुकडा 'रिक' म्हणजे सत्ताधारी, 'बर्ट' म्हणजे तेजस्वी, 'थार' म्हणजे सैन्य. आता जोडत जा, चिल्ड अधिक रिक चिल्डेरिक, चिल्ड अधिक बर्ट चिल्डेबर्ट, थ्यूड अधिक बर्ट थ्यूडेबर्ट, सिगी अधिक बर्ट सिगेबर्ट. एक सापळा आहे, चिल्पेरिक हा चिल्डेरिकचा भाऊबंद वाटतो पण त्यातला पुढचा तुकडा वेगळाच आहे, तो 'मदत' या अर्थाचा. मी कित्येक दिवस ही दोन नावं एकच समजून वाचत होतो आणि एकाच माणसाचे दोन वेगवेगळे खून झाल्यासारखं वाटत होतं.

स्पेलिंगचं पण आधीच ठरवून टाका. लॅटिनमध्ये ही नावं 'सी' आणि 'एच' ही अक्षरं जोडून (ch) लिहायचे पण फ्रँकांच्या तोंडी तो घशातला 'ह' किंवा 'ख' होता, म्हणजे क्लोव्हिस हा त्याच्या घरच्यांसाठी ख्लोडोव्हेकसारखं काहीतरी असणार. फ्रेंच पुस्तकात अजून तिसरंच, तिथे थ्यूडेरिकचा तिएरी होतो, क्लोथारचा क्लोतेर, गुंट्रामचा गोंत्राँ. आपण एक रूप धरायचं आणि दुसरं दिसलं की वहीत शेजारी लिहून मोकळं व्हायचं. आणि हो, इटलीतला तो थिओडोरिक, ऑस्ट्रोगॉथांचा राजा, तो या घराण्यातला नाही, त्याची फक्त क्लोव्हिसच्या बहिणीशी सोयरीक होती. त्याला थ्यूडेरिकांमध्ये घुसवलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

आता कागद घ्या, आडवा आणि मोठा. वंशावळीचं झाड काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका, ते चौथ्या पिढीत कागदाबाहेर जातं. त्याऐवजी तीन रकाने पाडा: सन, राजा आणि त्याचा भाग, आणि तिसऱ्यात खरी सूत्रं कोणाच्या हातात. तिसरा रकाना सुरुवातीला जवळपास रिकामा राहील, राहू द्या, शेवटच्या शंभर वर्षांत तोच भरणार आहे. डावीकडे फक्त सात सनं ठळक लिहा, ४८१, ५११, ५६१, ६१३, ६३९, ६८७ आणि ७५१. या सात खुंट्या. बाकी सगळं या खुंट्यांच्या मधे टांगायचं.

४८१ म्हणजे क्लोव्हिस गादीवर आला ते, साल एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होऊ शकतं. त्याचा बाप चिल्डेरिक पहिला, आणि या बापावर एक मिनिट थांबायलाच पाहिजे कारण घराण्यातला हा पहिला माणूस ज्याला आपण अक्षरशः बोट लावून दाखवू शकतो. १६५३ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या तूर्नेला एका चर्चजवळ बांधकामासाठी खणताना एका गवंड्याला सोनंनाणं लागलं, ती चिल्डेरिकची कबर निघाली. आत तलवारी, नाणी, लालभडक गार्नेट बसवलेल्या सोन्याच्या सुमारे तीनशे मधमाश्या (काही जण त्यांना रातकिडे म्हणतात) आणि एक शिक्क्याची अंगठी. अंगठीवर समोर बघणारा माणूस, हातात भाला, मधे भांग पाडून दोन्ही खांद्यांवर सोडलेले लांब केस, आणि कडेने लॅटिनमध्ये 'चिल्डेरिक राजाची'. १८३१ मध्ये पॅरिसच्या ग्रंथालयातून हा ऐवज चोरीला गेला आणि बराचसा वितळवला गेला, मधमाश्यांपैकी दोनच उरल्या. नशीब की सापडल्यावर दोनच वर्षांनी चित्रांसकट त्याचं पुस्तक छापलं होतं, म्हणून आज आपल्याला त्या कबरीतलं एवढं तरी माहीत आहे. नेपोलियनने १८०४ च्या राज्याभिषेकाला मधमाशीचं चिन्ह उचललं ते इथूनच.

अंगठीवरचे ते केस लक्षात ठेवा. नावाइतकेच महत्त्वाचे आहेत.

क्लोव्हिसची कामगिरी सगळीकडे वाचायला मिळते म्हणून पटकन सांगतो. ४८६ मध्ये सोआसाँला सियाग्रियस या रोमन सत्ताधाऱ्याला हरवलं, मग रीम्सचा बिशप रेमिगियस याच्या हातून कॅथलिक बाप्तिस्मा घेतला (याच्या सालावरून इतिहासकारांची अजून भांडणं चालू आहेत, कोणी ४९६ म्हणतं कोणी ५०८, तुम्ही पेन्सिलनेच लिहा), आणि ५०७ मध्ये वुइयेला व्हिसिगॉथांचा राजा अलारिक दुसरा याला मारून त्यांना गॉलमधून जवळजवळ हाकललं. पॅरिसला बस्तान बसवलं. ५११ मध्ये गेला.

इथे दुसरी खुंटी, आणि इथेच बहुतेक लोक हरवतात. गेल्यावर राज्य थोरल्याला गेलं नाही, चार मुलांत वाटलं गेलं. थ्यूडेरिक, क्लोडोमेर, चिल्डेबर्ट, क्लोथार. चौघांच्या राजधान्या रीम्स, ऑर्लियाँ, पॅरिस आणि सोआसाँ, नकाशावर बघा, चारही गावं उत्तर फ्रान्समध्ये एकमेकांपासून काही दिवसांच्या घोडदौडीवर. नकाशा रंगवत बसू नका कारण सीमा दर चार वर्षांनी बदलतात, त्यापेक्षा चार भाऊ चार गावांत बसलेत आणि चौघांचा डोळा एकमेकांच्या ताटावर आहे एवढंच मनात धरा. ही चौघांची वाटणी या घराण्यात दोनदा होते, ५११ ला आणि ५६१ ला, आणि दोन्ही वेळा भांडून, मारून, मरून शेवटी एकाच माणसाच्या हातात सगळं येतं, पहिल्या वेळी ५५८ मध्ये क्लोथार पहिला, दुसऱ्या वेळी ६१३ मध्ये क्लोथार दुसरा. क्लोथार म्हणजे 'गोळा करणारा' असं मी डोक्यात फिट करून टाकलंय, अर्थ तसा नाही, पण उपयोग होतो.

आता केसांची गोष्ट, कारण ही कळली की अर्धं घराणं कळलं. ५२४ मध्ये क्लोडोमेर लढाईत मेला, मागे तीन लहान मुलं. मुलं आजीकडे वाढत होती, आजी म्हणजे क्लोव्हिसची विधवा क्लोटिल्डा. दोघा काकांना, चिल्डेबर्ट आणि क्लोथारला, धास्ती की म्हातारी नातवांना गादीवर बसवणार. त्यांनी गोड बोलून मुलांना ताब्यात घेतलं आणि आजीकडे माणूस पाठवला, त्याच्या हातात दोन वस्तू, एक कात्री आणि एक नागडी तलवार. निवड. केस कापले तर मुलं जगतील पण राजे होणार नाहीत, नाहीतर तलवार. म्हातारी दुःखात बोलून गेली की गादी मिळणार नसेल तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बघेन. क्लोथारने दहा वर्षांच्या थोरल्याला स्वतःच्या हाताने मारलं, सात वर्षांचा धाकटा चिल्डेबर्टच्या पायाला मिठी मारून रडायला लागला, चिल्डेबर्टला पाझर फुटला, तर क्लोथार म्हणाला की सोड त्याला नाहीतर त्याच्या जागी तू मरशील. सोडलं. तिसरा मुलगा क्लोडोआल्ड लोकांनी पळवून वाचवला, त्याने पुढे स्वतःच्या हाताने केस कापून टाकले आणि पाद्री झाला. पॅरिसजवळचं सँ-क्लू हे गाव त्याच्याच नावाचं.

म्हणून वाचताना कुठेही 'केस कापले' आलं की पेन उचला आणि त्या नावावर काट मारा, पण पेन्सिलची. कारण केस परत वाढतात! ७१५ मध्ये डॅनियल नावाच्या एका पाद्र्याला मठाबाहेर काढलं, केस वाढू दिले आणि चिल्पेरिक दुसरा म्हणून गादीवर बसवलं. डॅनियल नाव चालणार नव्हतं, चिल्पेरिक चालणार होतं. नावं सारखी का, याचं उत्तर मला या डॅनियलपाशी मिळालं. यांना नवी नावं सुचत नव्हती असं नाही, नाव हाच गादीवरचा हक्काचा कागद होता. मुलाचं नाव क्लोथार ठेवलं म्हणजे बापाने जाहीर केलं की हा दावेदार. त्यामुळे एखाद्या पोराला कोणाचं नाव दिलं हे दिसलं की तिथे थांबून विचारायचं, आत्ता हेच का? बहुतेक वेळा त्यामागे कोणाचा तरी मृत्यू नाहीतर कोणाचा तरी संशय असतो.

दुसरा क्लोथारच घ्या. ५८४ मध्ये त्याचा बाप चिल्पेरिक शिकारीहून परतताना पॅरिसजवळच्या शेलला भोसकून मारला गेला तेव्हा पोर काही महिन्यांचं होतं. काका गुंट्रामला संशय, हे माझ्या भावाचं पोर आहे कशावरून? आई फ्रेडेगुंडने तीन बिशप आणि तीनशे मोठी माणसं उभी करून शपथेवर सांगायला लावलं की बाप चिल्पेरिकच. पुढे गुंट्रामने स्वतः बाप्तिस्म्याला उभं राहून त्याला आजोबाचं नाव दिलं. या पोराने ६१३ ला सगळं राज्य गोळा केलं.

५६१ ते ६१३ हा मधला तुकडा राजांवरून लावायला गेलात तर फसणार. इथे पद्धत बदला, बायका धरा. दोनच, ब्रुनहिल्डा आणि फ्रेडेगुंड. ऑस्ट्रेशिया म्हणजे पूर्वेकडचा भाग, मेत्स-रीम्स-ऱ्हाइन, तिथला राजा सिगेबर्ट, क्लोथार पहिल्याचा मुलगा, त्याची बायको ब्रुनहिल्डा, स्पेनमधल्या व्हिसिगॉथ राजाची मुलगी. न्यूस्ट्रिया म्हणजे पश्चिमेचा, सोआसाँकडचा भाग, तिथला राजा सिगेबर्टचा भाऊ चिल्पेरिक. भावाला राजकन्या मिळाली म्हणून चिल्पेरिकने ब्रुनहिल्डाच्याच बहिणीला, गाल्सविंथाला, लग्न करून आणलं, मग तिचा गळा आवळून खून झाला आणि चिल्पेरिकने लगेच फ्रेडेगुंडशी लग्न केलं, जी आधी राजवाड्यात चाकरीला होती. बास, इथून सगळं निघतं. ५७५ मध्ये सिगेबर्टला दोन मारेकऱ्यांनी विषारी सुऱ्यांनी मारलं, बोट फ्रेडेगुंडकडे. ५८४ ला चिल्पेरिक गेला, कोणी मारलं ते आजवर नक्की कळलेलं नाही. फ्रेडेगुंड ५९७ मध्ये अंथरुणावर मेली, तिच्या कारकिर्दीकडे बघता हे आश्चर्यच. ब्रुनहिल्डा मात्र मुलाच्या, नातवांच्या आणि शेवटी पणतूच्या नावाने राज्य चालवत राहिली, आणि ६१३ मध्ये फ्रेडेगुंडच्या मुलाच्या, म्हणजे क्लोथार दुसऱ्याच्या हाती सापडली. तीन दिवस छळ, उंटावरून फौजेत धिंड, आणि मग केस, एक हात आणि एक पाय बेफाम घोड्याच्या शेपटीला बांधून. केस परत आले बघा.

तिला पकडून देणाऱ्यांत ऑस्ट्रेशियाचे सरदार होते, त्यातली दोन नावं तुमच्या तिसऱ्या रकान्यात आत्ताच लाल पेनाने लिहा, मेत्सचा आर्नुल्फ आणि लांडेनचा पिपिन. एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचं लग्न झालं, त्यातून पुढे कॅरोलिंजियन घराणं, ज्याने शेवटी ही गादी घेतली.

अजून एक सवय लावून घ्या, सांगणारा कोण ते बघायची. सहाव्या शतकाचं बहुतेक सगळं आपल्याला तूरचा बिशप ग्रेगरी याच्याकडून कळतं, ५७३ ते ५९४ तो तिथे बिशप होता आणि या लोकांना तोंडावर ओळखायचा. चिल्पेरिकला तो आपल्या काळाचा नीरो आणि हेरोड म्हणतो, पण हेही बघा की राणीची बदनामी केल्याच्या आरोपावरून ५८० मध्ये त्याच चिल्पेरिकसमोर त्याला उभं राहावं लागलं होतं. म्हणजे राग होताच. चिल्पेरिक कविता करायचा आणि त्याने लिपीत चार नवीन अक्षरं घालायचा हुकूम काढला होता, हे पण ग्रेगरीच नाक मुरडत सांगतो. मला तर हा राजा त्यामुळे जरा आवडायलाच लागला.

क्लोथारनंतर त्याचा मुलगा डागोबर्ट पहिला, हा स्वतःच्या बळावर राज्य करणारा शेवटचा मोठा मेरोव्हिंजियन, ६३९ मध्ये गेला आणि पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात पुरला. त्याच्यानंतर दोन लहान मुलं, आणि इथून पुढे जवळजवळ प्रत्येक राजा लहान वयात गादीवर येतो आणि तरुणपणीच जातो. नावं परत तीच, क्लोव्हिस दुसरा, क्लोथार तिसरा, चिल्डेरिक दुसरा, थ्यूडेरिक तिसरा. ही पाठ करू नका. खरंच सांगतो, काही फायदा नाही. आता डोळा तिसऱ्या रकान्यावर. तिथे राजवाड्याचा कारभारी येतो, राजाची घरदार-जमीन-माणसं सांभाळणारा, आणि हळूहळू फौजही त्याचीच. छत्रपती आणि पेशवे आठवले असतील, मलाही आठवले, पण शेवट वेगळा आहे म्हणून तुलना फार ताणू नका.

या कारभाऱ्यांपैकी पहिली उडी मारली ग्रिमोआल्डने, तो लांडेनच्या पिपिनचा मुलगा. ६५० च्या दशकात राजा सिगेबर्ट तिसरा गेल्यावर त्याने राजाच्या मुलाचे, डागोबर्टचे, केस कापून त्याला आयर्लंडला रवाना केलं आणि गादीवर बसवलं चिल्डेबर्ट नावाच्या स्वतःच्या मुलाला. नाव बघा! घराणं बदललं तरी नाव मेरोव्हिंजियनच हवं. पण डाव फसला, ग्रिमोआल्डला पॅरिसला नेऊन मारलं, आणि त्याच्या नातेवाइकांनी धडा घेतला, पुढची नव्वदेक वर्षं गादीला हात लावला नाही. याच सुमाराची एक राणी सुटू नये, बाल्थिल्ड, इंग्लंडहून गुलाम म्हणून आलेली आणि क्लोव्हिस दुसऱ्याची बायको झालेली, मुलगा लहान असताना तिनेच राज्य चालवलं आणि नंतर शेलच्या मठात गेली. तिचा म्हणून जपलेला एक लिननचा अंगरखा अजून शेलला आहे, गळ्याभोवती दागिने खरेखुरे न घालता रेशमी दोऱ्याने भरलेले.

६८७ म्हणजे टर्ट्रीची लढाई, ऑस्ट्रेशियाचा कारभारी पिपिन, एर्स्टालचा, याने न्यूस्ट्रियाला हरवलं आणि दोन्हीकडचा कारभार एका घरात आला. मग त्याचा मुलगा चार्ल्स मार्टेल, ७३२ च्या पॉइटिएच्या लढाईचा. ७३७ मध्ये थ्यूडेरिक चौथा मेला तर चार्ल्सने नवा राजाच नेमला नाही, सहा वर्षं गादी रिकामी, आणि कागदपत्रांवर तारीख घालायची तर 'थ्यूडेरिक राजाच्या मृत्यूनंतर अमुक वर्षी' असं. तक्त्यात या सहा वर्षांसमोर राजाच्या रकान्यात नुसती रेघ ओढा.

शेवटच्या राजांना 'आळशी राजे' म्हणायची पद्धत आहे, लांब केस-दाढीचा बाहुला बैलगाडीतून फिरतोय असं चित्र. हे चित्र आइनहार्डने रंगवलं, आणि तो शार्लमेनच्या दरबारातला, म्हणजे ज्यांनी गादी घेतली त्यांच्या मिठाचा. तेव्हा थोडं मीठ आपणही टाकून वाचायचं. ७१० मध्ये सँ-दनीच्या जत्रेच्या जकातीचा वाद चिल्डेबर्ट तिसऱ्यासमोर आला तेव्हा त्याने निकाल मठाच्या बाजूने दिला, आणि विरुद्ध बाजूला खुद्द कारभारी ग्रिमोआल्डची (हा दुसरा, एर्स्टालच्या पिपिनचा मुलगा) माणसं होती. बाहुला असं करत नाही.

शेवटची खुंटी ७५१. मार्टेलचा मुलगा पिपिन, ठेंगू म्हणतात तो, त्याने पोप झकारियसला विचारायला माणसं पाठवली की राजा कोणी व्हावं, ज्याच्याकडे नुसतं नाव आहे त्याने का ज्याच्याकडे ताकद आहे त्याने. उत्तर हवं तेच आलं. चिल्डेरिक तिसऱ्याचे केस कापले आणि सँ-बेर्तँच्या मठात टाकलं. चिल्डेरिकच्या अंगठीवर जे केस बघितले ते चिल्डेरिकवरच संपले, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तक्ता इथे संपतो पण खाली चार ओळी जागा ठेवा. ७७८ मध्ये पिपिनच्या मुलाला, शार्लमेनला, जुळी मुलं झाली. त्याच्या घरात तोवर पिपिन, चार्ल्स, कार्लोमान अशी नावं चालायची. या दोघांची नावं ठेवली लुई आणि लोथार. वरती फोडलेले तुकडे काढा आणि जुळवून बघा, लुई म्हणजे क्लोव्हिस, लोथार म्हणजे क्लोथार. लोथार लहानपणीच गेला, लुई सम्राट झाला, आणि फ्रान्सच्या गादीवरचे पुढचे सगळे लुई मोजायला सुरुवात तिथूनच होते.